ग्रेटफुल डेडची रेकॉर्डिंगं : जावई ऐकतो ते नेमकं काय आहे?

हळदीची_पेठ

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

आमचा जावई कॅलिफोर्नियात असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिकडे चार महिने राहून आलो. माणूस सोन्यासारखा, स्वयंपाकसुद्धा करतो. पण गाडीत बसला की एकच बँड. ग्रेटफुल डेड. नावाचा अर्थ लेकीनं सांगितला तेव्हा ह्यांनी मागच्या सीटवर रामरक्षा सुरू केली होती. एकदा लांबच्या प्रवासात पाऊण तास झाला तरी तेच गाणं चाललेलं. न राहवून विचारलं, "अहो, हे अजून तेच का?" तर म्हणतो, "नाही आई, मघाचं १९७२चं होतं. हे १९७७चं."

आता पुन्हा जायचंय, सहा महिने. या वेळी खिडकीबाहेर बघत बसायचं नाही असं ठरवलंय.

मी गाणं ऐकणारी आहे. मिरजेला माहेर. दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जे गाणं होतं ते आईच्या मांडीवर झोपत-उठत ऐकलंय, त्यामुळे लांबण लागली म्हणून कंटाळणाऱ्यांतली नव्हे. जावयाला न सांगता या बँडचे १९७०चे दोन अल्बम ऐकले, 'वर्किंगमॅन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी'. गोड आहेत. चार-चार, पाच-पाच मिनिटांची गाणी, आवाजात आवाज मिसळलेले. पण मग गाडीत तासभर चालतं ते काय? इंटरनेट अर्काइव्हवर गेले तर हजारोंनी कार्यक्रम, आणि एकेका संध्याकाळची आठ-आठ, दहा-दहा रेकॉर्डिंगं! एवढं करायचं काय?

सुरुवात कुठून करू? आणि हे आपल्या अर्थानं 'उपज' (गाता-गाता जागीच सुचलेलं) आहे का, की नुसतं वाढवलेलं? जाणकारांनी सांगावं.

लसूण_चटणी

जावई गाडी चालवताना फोनवर बोलत नाही, शेअर बाजार सांगत नाही, फक्त गाणी ऐकतो. ताई, नारळ फोडा.

बाकी मीही वाचतोय. धागा वर राहू दे.

जुनी_कॅसेट

ताई, तुमच्या जावयाच्या आणि माझ्या आजारात फरक नाही, म्हणून सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी स्टुडिओचे अल्बम बाजूला ठेवा. वाईट नाहीत, पण ती गाण्यांची छापील वही समजा. हा बँड १९६५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात सुरू झाला आणि १९९५च्या ऑगस्टमधे गिटारवाला जेरी गार्सिया गेला तिथं थांबला. मधल्या तीस वर्षांत साधारण तेवीसशे कार्यक्रम झाले. ठरलेली यादी नाही. आज काय वाजवायचं ते बरेचदा मंचावरच ठरायचं, आणि कालचं गाणं आज तसंच येईल याची खात्री त्यांनाही नसायची. म्हणून जावई साल सांगतो. तो गाणं नाही ऐकत, संध्याकाळ ऐकतो.

मी १९८९ला न्यू जर्सीत एमएस करायला आलो. लॅबमधे शेजारी बसणाऱ्या मुलाच्या खोलीत बुटांची खोकी होती, पलंगाखाली, कपाटावर, न्हाणीघराच्या दारामागेसुद्धा. सगळ्यांत कॅसेटी. विकत देणार का विचारलं तर त्याचा चेहरा असा झाला, जणू मी प्रसादाचा भाव विचारला. पैसे घ्यायचे नाहीत हा या लोकांचा पहिला नियम. दोन कोऱ्या कॅसेटी आणायच्या, तो रात्रभर डेकवर उतरवून देणार. गावोगावची माणसं पोस्टानं असंच करायची : कोरी कॅसेट आणि परतीची तिकिटं पाकिटात घालायची, की महिन्याभरात भरलेली घरी. बँडनं हे चालू दिलं. वाजवून झालं की आमचं त्यावरचं काम संपलं, पुढं ते तुमचं, असं गार्सियाचं म्हणणं होतं. १९८४च्या ऑक्टोबरात तर त्यांनी टेप करणाऱ्यांसाठी वेगळी तिकिटं काढून त्यांना साउंड मिक्सरच्या मागं हक्काची जागाच दिली. इतर ठिकाणी दारावर झडती व्हायची त्या काळात!

त्यानं दिलेली पहिली कॅसेट : ८ मे १९७७, बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ. हिच्यावर वाद घालणारे खूप आहेत (त्याच महिन्यातले दुसरे कार्यक्रम सरस म्हणणारे, सगळ्यांना आवडतं म्हणून नाक मुरडणारे), पण तुम्ही हीच आधी घ्या. मे महिना असून बाहेर बर्फ पडला होता. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला गर्दी इतकी पुढं रेटत होती की मंचावरून सांगावं लागलं, जरा एक पाऊल मागं सरका. गणपतीच्या मांडवात होतं तसं. आणि मग 'स्कार्लेट बिगोनियाज' सुरू होतं.

आता इथं कान द्या. गाणं संपतं, शब्द संपतात, पण वाजवणं थांबत नाही. बँडची गायिका डोना गॉडशॉ हिच्या आवाजाचे हेलकावे येतात आणि विरतात. खाली बेसवर फिल लेश. तो कधी ठेका धरून बसत नाही, सतत काहीतरी बोलत असतो. हळूहळू त्याचं बोलणं दोन सुरांभोवती घुटमळायला लागतं. ड्रमवाले दोघे. एकाला कळलंय, दुसरा अजून जुन्याच गाण्यात. गार्सिया मधे लोंबकळतोय. मग कधीतरी तुमच्या लक्षात येतं की आपण दुसऱ्याच गाण्यात आहोत, 'फायर ऑन द माउंटन'मधे. नेमक्या कुठल्या मात्रेला बदल झाला ते मला पस्तीस वर्षांत पकडता आलेलं नाही. पुढची पंधराएक मिनिटं फक्त दोन कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे दोन जुडगे. दोनच. दोन्ही गाणी मिळून पंचवीसएक मिनिटं होतात.

माझ्या कॅसेटची पहिली बाजू 'नॉट फेड अवे'च्या मधोमध संपायची. खट्. उठायचं, पलटायचं, तोवर मधले काही क्षण गेलेले. आता फोनवर सलग ऐकतो, तरी तिथं आलं की कान 'खट्'ची वाट बघतो.

आणि हे खास तुमच्यासाठी : 'फायर ऑन द माउंटन'चं मूळ अर्धं मुंबईचं आहे! डेडच्या दोन ड्रमवाल्यांपैकी मिकी हार्ट १९६७ला उस्ताद अल्लारखांना भेटला आणि तालाच्या हिशेबानं येडा झाला. पुढं सॅन राफेलला अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात झाकीर हुसेन शिकवायला आले, तिथल्या विद्यार्थ्यांच्या तालवाद्यांच्या संचातून 'दिगा ऱ्हिदम बँड' निघाला. १९७६च्या त्यांच्या 'दिगा' अल्बमवर 'हॅपिनेस इज ड्रमिंग' अशी एक रचना आहे. गार्सिया त्यात गिटार वाजवतो. तीच ऐका आणि मग कॉर्नेल ऐका. चाल तीच! शब्द लागून 'फायर' म्हणून ती डेडच्या मंचावर पहिल्यांदा आली १८ मार्च १९७७ला, म्हणजे कॉर्नेलच्या आधी दोन महिनेसुद्धा नाही. माहीमला जन्मलेल्या पोराच्या घरातली चीज न्यूयॉर्क राज्यात, बर्फात, हजारो पोरं नाचतायत त्यावर. झाकीरभाई डिसेंबर २०२४मधे सॅन फ्रान्सिस्कोतच गेले, त्या रात्री मी हीच दोन रेकॉर्डिंगं पाठोपाठ लावली होती. त्याआधी ऑक्टोबरात फिल लेश गेला होता. वर्षच तसलं होतं.

हे रेकॉर्डिंग एवढं स्वच्छ कसं, तर बेटी कँटर नावाच्या बाईमुळे. ती बँडची ध्वनिमुद्रक. सभागृहात जाणारा आवाज तसाच टेपवर न घेता ती स्वतःचं वेगळं मिश्रण करायची. पुढं तिच्यावर वाईट दिवस आले, भाड्याच्या गोदामाचे पैसे थकले आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला. रिळांची खोकीच्या खोकी! ज्यांनी घेतली त्यांच्यातून हळूहळू नकला बाहेर आल्या, म्हणूनच माझ्या लॅबवाल्याच्या पलंगाखाली हे होतं. २०१२ला लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हेच कॉर्नेल जपून ठेवण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतल्याचं जाहीर केलं, आणि बँडकडून ते अधिकृतपणे आलं २०१७ला, चाळीस वर्षांनी. तोवर जगभर सगळ्यांकडे होतंच.

दुसरं घ्या वेनेटा, ओरेगन, २७ ऑगस्ट १९७२. तुम्ही सांगलीच्या, दूध-दह्याची किंमत तुम्हाला कळेल. एक छोटी डेअरी बुडायला आली होती, तिच्या मदतीसाठी उघड्या मैदानात हा कार्यक्रम झाला. तिकिटं डेअरीच्या दह्याच्या लेबलांवर छापली होती. उन्हाचा पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. तारा सारख्या उतरतायत, मधे मधे जुळवाजुळव चालू आहे, आणि संध्याकाळ होता होता 'डार्क स्टार' सुरू होतं. अर्धा तास. मधे असा टप्पा येतो की चाल, ताल काहीच उरत नाही, गडी पूर्ण हरवलेत, आणि मग त्यातून बाहेर कशात पडतात? तर 'एल पासो'मधे, एका सरळसोट गुराख्याच्या प्रेमकथेत! मला दर वेळी हसू येतं. याची चित्रफीत आहे. बघू नका, नुसतं ऐका.

तिसरं माझं दुखणं. २९ मार्च १९९०, नॅसो कोलिझियम, लाँग आयलंड. लॅबवाला म्हणाला, गाडीत एक जागा आहे, चल. दुसऱ्या दिवशी माझी मिडटर्म. मी नाही म्हणालो. त्या रात्री जाझवाला ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन मंचावर आला आणि 'आइज ऑफ द वर्ल्ड'मधे गार्सियाशी त्याचं जे काही झालं ते मला दोन आठवड्यांनी कॅसेटवर ऐकायला मिळालं. मार्सालिस एक ओळ टाकतो, गार्सिया तिचं शेपूट धरून पुढं नेतो, परत देतो. तालीम बिलीम असती तर इतकं ताजं आलं नसतं. मिडटर्मला बी मिळाली. पुढच्या वर्षी जूनमधे जायंट्स स्टेडियमवर एकदाचा जाऊन आलो. छान होतं, पण तुम्ही २९ मार्च ऐका.

एक इशारा. शेकड्यांनी रेकॉर्डिंगं टाकाऊ आहेत. शब्द विसरतात, तिघं तीन सुरांत गातात, दोन गाण्यांच्या मधे पाच-पाच मिनिटं सुरात आणणं चालतं. वुडस्टॉकसारख्या ठिकाणी, जगाचं लक्ष असताना, साफ पडले. मंचावर विजेचे झटके बसत होते, आणि आपण वाईट वाजवलं हे ते स्वतःच सांगत राहिले. शेवटच्या दोन-तीन वर्षांतलं गार्सियाचं गाणं तर माझ्याच्यानं ऐकवत नाही. पण रोज जुगार खेळणाऱ्याचे हरलेले डावही आपल्याकडे आहेत, ही काय कमी चैन आहे?

कन्सोलवाला

वरच्या प्रतिसादाला उभं राहून दाद. मी ठाण्यात कार्यक्रमांना साउंड करतो, तेव्हा 'एका संध्याकाळची दहा रेकॉर्डिंगं का' एवढ्यापुरतं बोलतो.

ताई, यादीत दोन मुख्य जाती दिसतील. एक साउंडबोर्ड, म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेलं. दुसरी ऑडियन्स, म्हणजे श्रोत्यात माइक उभे करून. नवखे लोक डोळे झाकून साउंडबोर्ड घेतात. ते स्वच्छ असतं, पण नेहमी खरं असेल असं नाही. लहान हॉलमधे गिटारचा अँप मुळातच मोठा वाजतो, त्यामुळे मिक्सरवर मी तो कमी ठेवतो आणि गळा वर ठेवतो. हॉलमधे ते बरोबर लागतं. पण मिक्सरमधून नुसतं रेकॉर्डिंग काढलंत तर गायक कानात बसलेला आणि गिटार शेजारच्या बिल्डिंगमधे. आमच्याकडे गाण्याच्या क्लासवाल्यांना दर वर्षी हे समजावतो, दर वर्षी ते साउंडबोर्डचीच फाइल मागतात.

ऑडियन्स टेपमधे हॉल ऐकू येतो. छत किती उंच आहे ते कळतं. बेसचा स्वर पोटात कसा बसत असेल त्याचा अंदाज येतो. आणि माणसं ऐकू येतात. चांगला टेपवाला माइक उंच काठीवर चढवतो म्हणजे डोक्यांच्या वरचं येतं, तरी शेजारी कुणीतरी बोलतोच. आता दोन्ही जुळवून एक केलेली असतात त्याला मॅट्रिक्स म्हणतात. नीट जमलेली मॅट्रिक्स माझ्या मते सगळ्यांत उत्तम. जमली नसेल तर टाळी दोनदा वाजते.

१९७४ची रेकॉर्डिंगं ऐकलीत तर गळा पातळ, डब्यातून आल्यासारखा वाटेल. तुमच्या स्पीकरचा दोष नाही. त्या वर्षी त्यांनी 'वॉल ऑफ साउंड' नावाचा राक्षस उभा केला होता. सहाशेच्या आसपास स्पीकर, पंच्याहत्तर टन वजन, सगळे कलाकारांच्या *पाठीमागं*. म्हणजे माइकच्या तोंडासमोर भिंतच. शिट्टी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकापुढं दोन माइक उलट जोडले, गायचं एकातच. भिंतीचा आवाज दोन्हीत सारखा शिरतो आणि एकमेकाला खाऊन टाकतो, एकाच माइकजवळ असलेला गळा तेवढा उरतो. हुशारी अफाट, पण गळ्याचं थोडं रक्तही त्यात जातं. वाद्यं मात्र त्या वर्षाइतकी सुटी सुटी पुन्हा कधी ऐकू आली नाहीत. प्रत्येकाचा स्वतःचा मनोरा होता ना.

ट्रकभाड्यानंच दिवाळं निघायची वेळ आली म्हणून वर्षाच्या आत मोडलं. मला त्यांच्या हमालांची दया येते.

तिहाई_चुकली

लेख छान, पण एक खटकलं. धाग्यातच 'उपज' शब्द आलाय आणि हळूहळू सगळे 'आपल्यासारखंच आहे हो'वर येणार. नाहीये. दोन कॉर्डवर पंधरा मिनिटं फिरणं म्हणजे बढत, रागाचा पायरीपायरीनं विस्तार, नव्हे. रागाची शिस्त नाही, स्वरांना क्रम नाही, समेवर येण्याची जबाबदारी नाही. परदेशी काही लांब वाजलं की लगेच राग म्हणायची आपली खोड जुनी आहे.

जुनी_कॅसेट

@तिहाई_चुकली, मी राग म्हटलेलंच नाही, पण मुद्दा मान्य. बढत शोधत गेलात तर निराश व्हाल. आपल्याकडे एक जण मांडतो आणि बाकीचे त्याला साथ करतात. इथं साथीला कुणीच नाही, सगळेच मांडतात. फिल लेश मुळात ट्रंपेट शिकलेला, पुढं ल्युचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराच्या हाताखाली रचनाशास्त्राचे धडे घेतलेला. बेस हातात आला तेव्हा बेसनं काय *करू नये* हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाच-सहा माणसं एकदम बोलतायत आणि तरी भांडण होत नाही, ऐकण्याची गंमत ती आहे. भांडण होतं तेव्हाही ऐकण्यासारखं असतं म्हणा.

सम मात्र आहे. १९६९चा 'लाइव्ह/डेड' काढा, त्यात 'द इलेव्हन' आहे. अकरा मात्रा, तीन-तीन-तीन-दोन. बोटांवर मोजा आणि मग मला सांगा कोण चुकलं.

तिहाई_चुकली

मोजलं. मी चुकलो. दोनच्या खंडात पाय घसरतो. नाव बदलत नाही.

हळदीची_पेठ

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गप्प होते कारण अभ्यास चालू होता.

कॉर्नेल आधी साउंडबोर्ड ऐकलं, मग मुद्दाम ऑडियन्स. कन्सोलवाले दादा, तुमचं पटलं. पहिल्यात गाणं कळलं, दुसऱ्यात गर्दी. 'स्कार्लेट'मधून 'फायर'मधे जाताना मी चार वेळा मागं नेलं. मलाही सांधा सापडला नाही. पण जुनी_कॅसेट भाऊ, एक सांगू? मला वाटतं ड्रमवाल्यांतला एक जण गार्सियाच्याही आधी पोचलेला असतो आणि तो दार उघडून उभा राहतो. 'दिगा'सुद्धा ऐकलं. चाल ओळखल्यावर स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं "अगं बाई" म्हणाले.

मार्सालिस ऐकताना ह्यांनी पेपर खाली ठेवला. एवढंच नोंदवते. रामरक्षा म्हटली नाही.

वेनेटा गच्चीवर ऐकलं. सांडगे घातले होते, कावळे राखत बसले होते, ऊन तिकडच्यासारखंच. तारा उतरतायत म्हटल्यावर माझा तर जीवच लागला. उन्हात तंबोरा काय छळतो ते घरात बघितलंय. 'डार्क स्टार'मधे सगळं विस्कटतं तिथं आधी मला राग आला, खरंच राग आला, वाटलं हा काय चावटपणा. बंद करणार होते, पण हात पिठाचे होते. मग ती गुराख्याची चाल आली आणि मीही हसले.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. मागं हे चालूच होतं. जावई कुठून तरी फ्रेममधे आला, चार सेकंद कान टवकारले आणि म्हणाला, "आई, वेनेटा?" लेक दोघांकडे बघत राहिली. तिचा फोन आता रोज येतो पण आधी तोच बोलतो. काल १९७३ विरुद्ध १९७४ यावर वीस मिनिटं. मला ७४चा गळा आवडला नाही म्हटलं आणि उलट जोडलेले दोन माइक समजावून सांगितले, तर गडी गारच.

एक शंका राहिलीय. चित्रफीत बघू नका म्हणालात म्हणून अर्थातच आधी तीच बघितली. मंचामागं खांबावर तो एक इसम अंगावर सूतही नसताना चढून बसलाय, तो शेवटपर्यंत खाली उतरत नाही का हो? त्याला ऊन नाही लागलं?